झरीतले शुक्राचार्य

आमच्या घराण्यात मानेपर्यंत पाण्यात डुंबायचा मान आजवर फक्त बैलांना मिळालेला आहे, आणि तोही वर्षातून एकदा, पोळ्याला. बाकी सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाटावर बसून, तांब्यानं मोजून, पाठीचा मधला भाग देवाच्या भरवशावर सोडून आंघोळी केल्या. म्हणून हैदराबादेत नोकरी करणारा आमचा मुलगा फोनवर म्हणाला, की बाबा, नव्या घरात एक बाथटब बसवू, बिल्ट-इन, तेव्हा माझ्या आईनं पानाची चंची बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला.

“कोणासाठी? बैल तं आपन इकले.”

बिल्ट-इन म्हणजे सुटा, उचलून इकडंतिकडं ठेवता येणारा टब नव्हे. तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला विटांचा कठडा, त्यावर टाइल, आणि मध्ये टब चिणलेला. ‘चिणलेला’ हा शब्द माझा. भिंतीत चिणलेल्यांचं पुढं काय झालं हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं इतिहासाच्या तासाला शिकवलं आहे. पण बापाचं ऐकायचं त्याचं वय संपलं होतं आणि मुलाचं ऐकायचं माझं नुकतंच सुरू झालं होतं.

झरी जामणी हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. एका अंगाला वणी, दुसऱ्या अंगाला पांढरकवडा, खाली पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडं तेलंगणा. पत्त्यात ‘झरी’ वाचून परगावच्या माणसाला वाटतं, इथं दारोदार पाणी झुळझुळत असेल. त्यानं मे महिन्यात यावं. पारा पंचेचाळिशीला टेकला की आमच्याकडच्या नळांचा स्वभाव पालटतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी असं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. उलट बंद ठेवलेल्या गीझरच्या पोटातलं पाणी रात्रभर घराच्या सावलीत निवलेलं असतं. म्हणजे उन्हाळ्यात लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. हे पाहुण्यांना आंघोळीआधी सांगावं लागतं. कधी कधी आमच्या लक्षात राहत नाही. मग पाहुणा स्वतःच आतून सांगतो.

तर अशा गावी टब यायचा होता.

मुलानं कॅटलॉग मोबाइलवर पाठवलं. त्यात एक बाई फेसात बसली होती. काठावर मेणबत्त्या, हातात पुस्तक, खिडकीत समुद्र. सगळी पानं मी दोनदा पाहिली, एकाही पानावर पाइप नव्हता. पाणी येतं कुठून आणि जातं कुठं, याची त्या बाईला काही फिकीर दिसत नव्हती. बाथटबाविषयी छापून आलेल्यावर फार विसंबू नये, एवढं मला ठाऊक होतं. २८ डिसेंबर १९१७ रोजी एच. एल. मेंकन नावाच्या अमेरिकी पत्रकारानं न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मेल’मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या बाथटबाचा इतिहास लिहिला. सिनसिनाटी शहर, साल १८४२, डॉक्टरमंडळींचा विरोध, मग राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसात बसवून घेतलेला टब. सगळं बनवलेलं. लढाईच्या दिवसांत लोकांनी जरा हसावं, एवढाच हेतू. लोक हसले नाहीत. त्यांनी ते पाठ केलं. पुढं १९२६ साली मेंकननं स्वतःच कबुली दिली, तरी ते टबपुराण ठिकठिकाणी छापून येतच राहिलं. आमच्या दुकानदारानं मेंकनचं नावही ऐकलं नसेल. पण “सर, हा टब एकदा बसला की पन्नास वर्षं पाहायचं काम नाही” हे त्याचं वाक्य त्याच वंशातलं. पाहायचं काम नाही हे खरंच निघालं. पाहायला जागाच नव्हती.

विज्ञानही मीच शिकवायचो, त्यामुळं हिशेब करायची खोड. टब सतराशे मिलिमीटर लांब, साडेसातशे रुंद. अंग बुडेल इतका भरला तर १८० लिटर पाणी. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागं दिवसाला ५५ लिटर धरलेले आहेत: पिणं, रांधणं, धुणं, आंघोळ सगळं धरून. म्हणजे आमच्या मुलानं एकदा मेणबत्ती लावून पुस्तक वाचलं की सव्वातीन माणसांचा दिवस वाहून गेला. हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, मी वर्षातून दोनदाच येतो.” यावर त्याच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की त्या सव्वातीन माणसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग गीझर. घरात पंचवीस लिटरचा. हिवाळ्यात पंचवीस अंशांचं पाणी गीझर पासष्टला नेतो, टबात हवं चाळीस अंशांचं. वर्गातल्या मिश्रणाच्या गणितासारखं सोडवलं तर १८० लिटरसाठी साडेसदुसष्ट लिटर कढत पाणी लागतं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन गीझर. दोन किलोवॉटच्या गीझरला एक टाकी तापवायला पस्तीस मिनिटं. तिसरी टाकी उतरेपर्यंत पहिलीचं पाणी पुन्हा पंचविशीकडं निघालेलं. शिवाय हे सगळं लाइन असेल तर. आणि दाब? उभ्या दहा मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो. आमची टाकी तोटीच्या वर जेमतेम तीन मीटर, म्हणजे पाव किलोच्या थोडा वर. तोटीच्या पुस्तिकेत कमीत कमी एक किलो लिहिलेला. त्या दाबात आमची तोटी वाहणार नव्हती, फार तर विचार करून बोलल्यासारखी बोलणार होती.

एवढं होऊनही टब आला. आला म्हणजे मालवाहू रिक्षातून, उघडा, पांढरा, दोरीनं बांधलेला. वाटेत चार जणांनी विचारलं, कोणाच्या घरी काय झालं.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. टब कुठं, हे ठरलेलं होतं. तोटी कुठं?

टबाची खोली नकाशावर मुळात कोठी होती, ज्वारी-तुरीच्या पोत्यांची. आईनं ईशान्येचा कोपरा देवघरासाठी मागून घेतला, त्याला लागून कोठी आली. मग पोती कमी झाली, मुलाची मागणी आली आणि बांधता बांधताच कोठीची बाथरूम झाली. देवघर आणि बाथरूम यांच्यामध्ये साडेचार इंची भिंत. यावर वास्तुशास्त्रवाल्यानं काय म्हटलं ते इथं देत नाही. त्याची फी मात्र दिली.

तोटी लावायला जागा मोजून चार. डोक्याकडच्या भिंतीत लावावी, तर कॅटलॉगातल्या बाईसारखं मागं रेललं की मिक्सर मानेत. कठड्यावर उभी करावी, तर चढता-उतरता गुडघ्याला. लांब भिंतीच्या मधोमध लावणं शास्त्रोक्त: दोन्ही टोकं मोकळी राहतात, दोन माणसं समोरासमोर बसू शकतात. (“कायले?” असं आईनं विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही.) पण ती लांब भिंत आमची आणि चुलत भावाची सामाईक. पाइप त्या भिंतीत गेले असते, तर उद्या दुरुस्तीसाठी त्याच्या स्वयंपाकघरातून भिंत फोडायची परवानगी काढावी लागली असती. धुऱ्यावरच्या बाभळीचा वाद मिटायला आम्हाला अकरा वर्षं लागली. पाइप जोडणारी युनियन आमच्या घरात आणि पान्याची वाट त्याच्या घरातून, असं प्रकरण तलाठ्यानं कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?

राहिली पायाकडची भिंत. पाणी जायचं भोक तिथंच, ओव्हरफ्लोचं भोक तिथंच, त्यामुळं सगळे पाइप एका जागी. जगभर बहुतेक टबांना तोटी तिथंच असते. आमच्याकडं त्या भिंतीच्या पलीकडं देव होते.

प्लंबर मुकुटबनचा. सीमेवरचा माणूस, मराठी आमच्यासारखी, आणि मदतनिसाशी तेलुगू. हळूहळू माझ्या लक्षात आलं की तो वाईट बातमी आधी तेलुगूत उच्चारतो आणि तिचा खर्च मराठीत सांगतो. त्यानं भिंतीवर खडूनं दोन फुल्या मारल्या, डावी गरम, उजवी गार, मध्ये सहा इंच. मग टबाबाहेर उभा राहून हात लांबवला. तोटी अशा ठिकाणी हवी की टबाबाहेरून पाणी सोडता आलं पाहिजे. वाकून, धारेखालून हात घालून चालू करावी लागली तर पहिलं पाणी दंडावर घ्यायचं, हिवाळ्यात बर्फासारखं आणि आमच्या मे महिन्यात फोडणीसारखं. हे मला पटलं. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्यालाही पटलं. मिस्त्रीला पटायची गरज नव्हती, तो तंबाखू मळत होता.

तोटीच्या उंचीवरून मात्र जुंपली. मुलाला ती टबाच्या काठालगत हवी होती, दिसायला नाजूक. प्लंबर म्हणे, तोटीचं तोंड काठाच्या वर, तिच्या भोकाच्या दुप्पट तरी उंच पाहिजे. कारण टाकी रिकामी झाली आणि खाली कुणी नळ उघडला, तर पाइप उलटा ओढतो. तोटीचं तोंड किंवा तो हातातला फवारा टबातल्या पाण्यात बुडालेला असेल, तर वापरलेलं पाणी पाइपात चढतं आणि दुसऱ्या नळातून निघतं. साबण, तेल, सगळ्यासकट.

आई दारात उभी होती. “म्हंजे ह्याच्या आंगोयीचं पानी माह्या देवाच्या तांब्यात?”

“येऊ शकते, आजी.”

तोटी काठाच्या वर एक वीत बसली. पाणी उलटं फिरू नये म्हणून जगभरच्या नियमावल्यांत पानंच्या पानं असतील. आमच्याकडं एका वाक्यात काम झालं.

दुसऱ्या मापात आम्ही फसलो. मिक्सरची पितळी बॉडी भिंतीच्या आत किती खोल बसवायची, याची खूण बॉडीवरच असते आणि ती तयार भिंतीपासून मोजायची असते, म्हणजे प्लास्टर अधिक मसाला अधिक टाइल. आम्ही ती विटेपासून मोजली. टाइल लागल्या आणि भिंत दीड इंच पुढं आली. तोटी होती तेवढीच राहिली. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा धार टबात न पडता टबाच्या काठावर पडली, तिथं क्षणभर थांबली आणि कठड्यावरून खाली वाहत दाराकडं निघाली. मदतनीस तेलुगूत काहीतरी बोलला. मी खर्च विचारला. एक्स्टेन्शन निपल, दोन तास.

पण हे निपल वगैरे पुढचं. टाइल लागायच्या आधीच, फुल्या मारून झाल्यावर, प्लंबरनं जो प्रश्न विचारला तो मी पाटीवर लिहून शाळेत लावला असता.

“सर, हे सगळं आतमंदी गेल्यावर मी हात कुठून घालू?”

आठवडाभर आम्ही पाणी कुठून बाहेर येईल याचा खल करत होतो. हात कुठून आत जाईल, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. टबाच्या पोटाखाली ट्रॅप, त्याला जोडलेला ओव्हरफ्लोचा पाइप, भिंतीत मिक्सर, दोन युनियन, दोन कॉक. आणि या सगळ्यावर टाइल. वायसर हा सात-आठ रुपयांचा रबरी तुकडा. तो झिजणार हे ठरलेलं, कारण झिजणं हेच त्याचं काम. त्या सात-आठ रुपयांपर्यंत पोचायला टाइल फोडायच्या, आणि तोवर त्या रंगाच्या टाइल कारखान्यानं बंद केलेल्या असतात. हा निसर्गनियम आहे.

जुन्या न्हाणीला ही भानगड नव्हती. एक दगड, कोपऱ्यात घंगाळ, पलीकडं चुलीवर हंडा, भिंतीला एक भोक, भोकातून पाणी परसातल्या केळीला. झाकलेलं काही नाही. निदानासाठी प्लंबर लागत नसे. केळ सुकली म्हणजे मोरी तुंबली, आणि केळ फोफावली म्हणजे कुणीतरी फार वेळ आंघोळ करतंय. आपल्या या न्हाणीचा दरारा एवढा, की फरशीतून पाणी नेणारा जो जाळीचा सापळा, त्याला बांधकामाच्या इंग्रजी कागदांतही ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. गुजराती मंडळी म्हणतील, ती नहाणी आमची. अर्धी अर्धी वाटून घेऊ.

आणि मोठी कामं करणाऱ्यांनी तर हाताची काय, अख्ख्या माणसाची सोय ठेवलेली. मोहेंजोदडोचं महास्नानगृह घ्या. चाळीस फुटांच्या आसपास लांब, तेवीस फूट रुंद, आठ फूट खोल, पाणी मुरू नये म्हणून डांबराचा थर. आणि निचऱ्याचा नाला असा कमानदार की आत माणूस ताठ उभा राहील. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तिथं विचारलंच असणार: हात कुठून घालू? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर आणली. वाटेत जागोजाग माणूस उतरेल अशी तोंडं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडं पाणी आलं, त्या नळालाही ठरावीक अंतरावर उच्छ्वास. काय शब्द आहे! पाइपालाही श्वास सोडायला जागा हवी, आणि गाळ काढणाऱ्याला उतरायला. आमच्या आर्किटेक्टच्या नकाशात दिव्यांची चोवीस बटणं होती. उच्छ्वास एकही नव्हता.

आमच्या भागात तर त्याची गरज जास्त. इथल्या जमिनीखाली चुनखडी. मुकुटबनचा सिमेंटचा कारखाना तिच्यावर उभा आहे, वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत शिरतं, वाटेत थोडी चुनखडी विरघळवून घेतं आणि बोअरमधून सभ्यपणे वर येतं. तापवलं की वायू उडून जातो आणि चुना मागं राहतो, कॉइलवर, वायसरवर, फवाऱ्याच्या बारीक भोकांत. आमच्याकडं नवीन फवाऱ्याची साठ भोकं वर्षभरात अकरा होतात, आणि त्या अकरांतली तीन छताकडं तोंड करून.

इथं आपल्या पुराणातली एक गोष्ट मला प्लंबिंगच्या अभ्यासक्रमात घालावीशी वाटते. वामनानं बळीराजाकडं तीन पावलं जमीन मागितली. दान पक्कं व्हायला हातावर उदक सोडायचं. बळीचे गुरू शुक्राचार्य, त्यांना डाव कळलेला, सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी येईना. वामनानं दर्भाची काडी घेतली, तोटीत घातली, गुरुजींचा एक डोळा गेला, पाणी मोकळं झालं. तेव्हापासून आपण प्रत्येक कचेरीत झारीतले शुक्राचार्य शोधतो. पण गोष्टीतला प्लंबिंगचा मुद्दा कुणी पाहत नाही. झारीची तोटी उघड्यावर होती. वामनाला काडी घालायला वाट होती. तीच झारी टाइलमागं चिणलेली असती, तर बळीचं राज्य आजही चालू असतं आणि आम्ही शेतकरी जरा बऱ्या दिवसांत असतो.

तर हात घालायची वाट पाहिजे, आणि ती पाइपांच्या मागून पाहिजे, आणि पाइपांच्या मागं देवघर. सव्वा फूट बाय सव्वा फूट खिडकी. प्लंबरनं देवघराच्या बाजूनं भिंतीवर चौकोन काढला. तो बरोबर देव्हाऱ्याच्या मागं, बाळकृष्णाच्या पाठीशी आला.

आईशी बोलणी तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी ती काहीच बोलली नाही, ही तिची सुरुवातीची ऑफर. दुसऱ्या दिवशी मी मोहेंजोदडो सांगितलं. ती म्हणाली, “ते गाव मंग बुडालं नं?” तिसऱ्या दिवशी प्लंबर स्वतः पुढं झाला. “आजी, खिडकी नाई ठेवली अन् गयलं, तं पुरी भिंत फोडा लागते. देवाच्या आंगावर विटा पडतीन. खिडकी ठेवली तं चार स्क्रू.” आईनं बाळकृष्णाकडं पाहिलं, मग स्क्रूकडं. अटी घातल्या. खिडकी सागवानी पाहिजे. देवाच्या अंगानं भिंतीसारखीच दिसली पाहिजे. आणि उघडताना पारोशानं हात लावायचा नाही. शेवटची अट नवी नव्हती; देवघरात बिनआंघोळीचं कुणी जायचं नाही हा घरचा कायदाच आहे. निवृत्त झाल्यावरही मला त्यातून सूट नाही, नातवाला तापात नाही. मी तिन्ही अटी मान्य केल्या. तिसऱ्या अटीत काय दडलंय ते तेव्हा दिसलं नाही. प्लंबरला दिसलं असावं. तो तेलुगूत काहीतरी म्हणाला.

दिवाळीला मुलगा आला. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान टबात. रात्री अडीचपासून गीझर चालू-बंद, वरून चुलीवर दोन गुंड पाणी. आईनं उटणं लावलं, टबात बसलेल्या पस्तीस वर्षांच्या मुलाला काठावरून ओवाळलं. पाणी पाऊणच भरलं होतं. तो आत सरकला तसं ते ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत चढलं आणि गुडगुड करत निमूट निघून गेलं. आर्किमिडीजच्या टबाला हे भोक असतं तर पाणी जमिनीवर सांडलंच नसतं, तो ओरडत रस्त्यावर धावला नसता आणि मला आठवीला तो धडा शिकवावा लागला नसता.

त्याच दिवशी संध्याकाळी देव्हाऱ्यामागच्या भिंतीला ओल आली.

शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि हात जोडले. ओल बऱ्यापैकी शंखाच्या आकाराची होती, हे मला मान्य आहे. काकू नारळ आणायला वळल्या, तेवढ्यात आई उठली, भिंतीला पालथा हात लावला, क्षणभर थांबली.

“कोंबट हाय,” ती म्हणाली. “गरम पान्याचा पाइप हाय हा.”

अर्धं निदान तिथंच झालं. डावी बाजू. मुख्य कॉक बंद केला, घरातलं सगळं पाणी बंद. प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, पाडव्याला येतो.

पाडव्याला, म्हणजे बलिप्रतिपदेला, तो आला. हातात पान्यांची पिशवी, अंगावर मुकुटबन ते झरी रस्त्याची धूळ. देवघराच्या उंबऱ्याशी आईनं त्याला थांबवलं.

“आंगोय झाली?”

“सकाळी झाली, आजी.”

“मंग धुळीतून आला. पुन्हा कर.”

“करतो. पानी?”

इथं सगळ्यांच्या लक्षात आलं. खिडकी उघडायला आंघोळ पाहिजे. आंघोळीला पाणी पाहिजे. पाणी सोडायला गळती थांबली पाहिजे. गळती थांबायला खिडकी उघडली पाहिजे. मुलगा कंप्युटरवाला, तो म्हणाला, याला आमच्यात डेडलॉक म्हणतात. आई म्हणाली, “आमच्यात याले बिनडोकपना म्हन्तात. हंडा भरून ठेवाचा होता.”

शेवटी प्लंबर चुलत भावाकडं गेला. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. भावानं त्याला पाट दिला, कढत पाणी दिलं, दिवाळीचा मोती साबण दिला, मोठ्या आवाजात विचारलं, “आणखी एक बकेट देऊ का? आमच्या इथं पानी हाय.” बाभळीच्या प्रकरणाची सगळी बाकी त्यानं त्या एका बकेटीत वळती केली. वर प्लंबरच्या हाती आमच्यासाठी अनारशांचा डबा पाठवला, म्हणजे आम्हाला रागावायचीही सोय उरली नाही.

प्लंबर परत आला तो माझं धोतर नेसून, ओल्या केसांचा, साबणाचा वास येणारा. आईनं बाळकृष्ण, टाक, शंख सगळं एकेक करून ताम्हनात घेतलं, ताम्हन पाटावर ठेवलं, देव्हारा मुलानं आणि मी सरकवला. प्लंबर मांडी घालून भिंतीसमोर बसला. चार स्क्रू. सागवानी झडप हातात आली आणि तो चौकोनी अंधार उघडला, आतून कोमट, चुन्याचा वास.

नेमकी तेव्हा लाइन गेली.

मोबाइलची बॅटरी मुलानं सकाळपासून रील बघून संपवली होती. घरात चार्जिंगचा दिवा कुठं आहे यावर तिघांची तीन मतं झाली. तोवर आईनं निरांजन पेटवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि भोकापाशी वाकली. आत युनियन दिसली, पितळेची, तिच्याभोवती पांढरा चुना फुलासारखा चढलेला, आणि त्या फुलातून एक थेंब भरत होता, लोंबत होता, सुटत होता. सगळे गप्प. भिंतीपलीकडून भावाच्या घरातली भांडीही वाजायची थांबली.

प्लंबरनं पाना आत घातला. धोतराचा सोगा तोंडात धरल्यामुळं तो नीट बोलत नव्हता.

“आजी, निरांजन जरासं डाव्या आंगानं घ्या. हं. आता हालवू नका.”